मातीची गाडी, सोन्याची गाडी

१

माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. वय पंचेचाळीस. नोकरी संगणकाची, घराचे हप्ते फिटत आलेले, मुलगी कॉलेजात. तीनेक वर्षांपूर्वी त्याने ठरवले की आता शनिवार-रविवारी चालवायला एक जुनी जपानी गाडी घ्यायची. ऑफिसला जायला आणि किराणा आणायला घरात दोन गाड्या होत्याच. ही गाडी निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी. त्याच्याच शब्दांत, 'एक खेळणं'. त्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तरी त्याचा फोन येई. यादी ठरलेली होती : निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटा सुप्रा, मझदा आरएक्स-७, होंडा एस-२००० आणि सर्वांत शेवटी, काहीशा संकोचाने उच्चारलेले नाव, मझदा एमएक्स-५. मराठी शिकवणाऱ्या माणसाला तो हे का विचारत होता, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारणे दोन. २००३ साली आलेला 'नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड' हा खेळ आम्ही आमच्या घरच्या संगणकावर रात्र-रात्र खेळलो होतो आणि या गाड्यांची नावे आम्हा दोघांना एकाच वेळी पाठ झाली होती. दुसरे कारण माझ्या दारातली जुनी होंडा सिटी. तिच्याविषयी पुढे येईलच.

मी एमएक्स-५ सुचवली. त्याने १९९० सालची जीटी-आर घेतली, आर-३२ म्हणतात ती. घेतल्यावर फोनवर म्हणाला, "दादा, ही कधी उतरणार नाही. खेळणं म्हण, पण गुंतवणूक आहे."

२०२४ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा ती गाडी पाहिली. गॅरेजमध्ये, मऊ कापडी आच्छादनाखाली, बॅटरीला चार्जर लावून ठेवलेली. रविवारी सकाळी आम्ही तिच्यातून निघालो. वीस मिनिटांत त्याने तीन वेळा आभाळाकडे पाहिले. एका उपाहारगृहाशी थांबायचे ठरले होते, तेथे त्याने गाडी इतर गाड्यांपासून लांब, आवाराच्या टोकाला लावली, दोन मिनिटे इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "नको, घरीच खाऊ." येताना शेजारचे एक वृद्ध गृहस्थ छत उघडलेल्या लाल एमएक्स-५ मधून समोरून गेले. मागच्या चाकावरच्या पत्र्याला गंज होता. शेजारच्या सीटवर कुंडीतले झाड होते. त्यांनी हात केला.

'खेळणं म्हण, पण गुंतवणूक आहे' या वाक्याविरुद्ध हा लेख आहे.

२

साहित्याच्या व्यासपीठावर मोटारींची चर्चा कशाला, असे म्हणणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. यंत्राबद्दलची तुच्छता हा आपल्याकडे अभिरुचीचा पुरावा मानला जातो. या मंडळींनी एक गोष्ट आठवून पाहावी. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जातात तेव्हा ते उपदेश मागत नाहीत किंवा ज्ञानही मागत नाहीत. ते 'क्रीडनीयक' मागतात. पाहता येईल आणि ऐकता येईल असे एक खेळणे. मग त्या मागणीतून नाट्यवेद निर्माण होतो. आपल्या परंपरेने कलेच्या उत्पत्तीची कथा खेळण्याच्या मागणीपासून सुरू केली, हे आपण वर्गात सांगतो आणि लगेच विसरतो. डच इतिहासकार योहान हुइझिंगा याने १९३८ साली 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे असे मांडले. खेळाची जी लक्षणे तो सांगतो त्यांत एक असे की खेळात लाभाचा हेतू नसतो. ज्या क्षणी लाभ मोजायला सुरुवात होते त्या क्षणी खेळ संपून दुसरे काहीतरी सुरू झालेले असते.

म्हणजे माझ्या भावाच्या वाक्यातला 'पण' हा साधा उभयान्वयी अव्यय नाही. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे एकत्र नांदू शकत नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त याचे चित्र आहे. देवलांच्या नाटकामुळे मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळतो. ती परत नेल्यावर रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. तो रडतो, त्याला सोन्याचीच हवी असते. वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे म्हणते. प्रसंग हृद्य आहे, आणि आपण तो वात्सल्याचा म्हणून शिकवतो. पण पुढे काय होते? ते दागिने परत करायला निघालेल्या विदूषकाजवळून भर न्यायालयात खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. मुलाच्या हाती खेळणे यायच्या ऐवजी बापाच्या गळ्याशी सूळ येतो. खेळण्यात सोने भरले की ते मालमत्ता होते. मालमत्ता झाली की राखण आली, संशय आला, खटला आला. शूद्रकाने नाटकाला नाव मात्र मातीच्या गाडीचे दिले आहे.

३

आता जपानकडे वळू. ज्या गाड्यांभोवती आज हे वेड आहे त्यांपैकी कोणतीही जन्मतः सोन्याची नव्हती.

१९८९ हे वर्ष निर्णायक आहे. जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा तेव्हा पूर्ण फुगलेला होता. टोकियोच्या शेअर बाजाराने त्या वर्षअखेरीस उच्चांक गाठला, आणि मग तो फुटला. त्या भरभराटीत मोटार कंपन्यांकडे पैसा होता, तरुण अभियंते होते आणि प्रयोगाला मोकळीक होती. त्याच वर्षी निसानने आर-३२ जीटी-आर आणली : २.६ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद वाटून देणारी संगणकनियंत्रित यंत्रणा. ती शर्यतींसाठीच घडवली होती. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत ती २९ शर्यतींत उतरली आणि २९ जिंकली. १९९१ आणि १९९२ साली ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टला जिंकल्यावर तिचे 'गॉडझिला' हे नाव जगभर झाले. कागदावर तिची ताकद २८० अश्वशक्ती लिहिलेली असे, कारण जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवले होते की याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही. २००४ पर्यंत तो संकेत टिकला. तिचे मोठेपण मी नाकारत नाही. शर्यतीसाठी घडवलेली यंत्रे ज्यांना समजतात त्यांनी तिच्यापुढे आदराने उभे राहावे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, शिकागोच्या प्रदर्शनात, मझदाने एमएक्स-५ मांडली. तिची कुळकथा अगदी वेगळी. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने मझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवले होते की ब्रिटिशांनी बनवायच्या सोडून दिलेल्या साध्या, उघड्या, हलक्या दोन-आसनी गाड्या तुम्ही बनवा. दहा वर्षांनी तशी गाडी झाली : १.६ लिटरचे इंजिन, ११५-१२० च्या घरातली अश्वशक्ती, साडेनऊशे किलोच्या आसपास वजन, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मे-निम्मे. प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांनी समोर ठेवलेला शब्द होता 'जिनबा इत्ताई', घोडा आणि स्वार यांचे एकत्व. वेगाचा आकडा मुख्य धरलेला नव्हता. हातातल्या स्टिअरिंगपासून रस्त्यापर्यंत मध्ये काही अडू नये, एवढीच आकांक्षा.

मग सोने भरले कोणी? तिघांनी, असे म्हणता येईल : सिनेमाने, कथेने आणि कायद्याने.

सिनेमाचे उदाहरण उघड आहे. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' आला. त्यात धावलेली एक नारिंगी सुप्रा २०२१ च्या जूनमध्ये लास वेगासच्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली.

कथेचे उदाहरण अधिक उद्बोधक, विशेषतः साहित्याच्या विद्यार्थ्यांना. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथामाला १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षे जपानमध्ये चालली. नायक टोफू विकणाऱ्याचा मुलगा. पहाटे दुकानाच्या जुन्या टोयोटा एई-८६ मधून घाटातल्या हॉटेलांना टोफू पोचवतो. बापाने गाडीत पाण्याचा पेला ठेवायला सांगितलेला. पाणी सांडता कामा नये, टोफू मोडता कामा नये. त्या शिस्तीतून त्याचा हात इतका तयार होतो की महागड्या, ताकदवान गाड्यांना तो घाटउतारावर हरवतो. कथेचा आशय स्वच्छ आहे : गाडीत काही नाही, सरावात आहे, सामान्य गाडी आणि रोजचे काम यांतूनच कौशल्य येते. वाचकांनी काय केले? सराव सोडून एई-८६ विकत घेतली. इतकी घेतली की त्या साध्यासुध्या गाडीची किंमत आज कोणाही टोफूवाल्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. कथेने एक सांगावे आणि वाचकाने तिच्यातली वस्तू उचलून घरी न्यावी, हे वाचन आपल्या ओळखीचे आहे. संतांच्या बाबतीत आपण दुसरे काय केले?

आणि कायदा. अमेरिकेने १९८८ साली परदेशांतून खाजगीरीत्या येणाऱ्या गाड्यांवर कडक निर्बंध घातले. सवलत फक्त पंचवीस वर्षे वयाच्या गाडीला. त्यामुळे १९८९ ची जीटी-आर अमेरिकेत मोकळेपणाने येऊ लागली २०१४ मध्ये, आणि १९९९ सालची आर-३४ २०२४ मध्ये. एक अख्खी पिढी या गाड्या पडद्यावर पाहत आणि संगणकावर चालवत वाढली, पण त्या दारात आणू शकत नव्हती. वस्तू पंचवीस वर्षे अप्राप्य ठेवा आणि तिच्या प्रतिमा मात्र रोज दाखवत राहा, म्हणजे दंतकथा आपोआप तयार होते. दंतकथेला किंमत लावायला बाजार कधीच उशीर करत नाही.

४

तेव्हा प्रश्न असा : आठवड्याच्या शेवटी खेळायला जुनी जपानी गाडी घ्यायची तर निवड कोणत्या कसोटीवर करावी? माझ्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : ही गाडी कायद्याच्या वेगात जिवंत वाटते का? न्यू जर्सीत महामार्गावरही मर्यादा ताशी ६५ मैलांची आहे. होंडा एस-२००० चे इंजिन हा एक चमत्कार आहे; दोन लिटरमधून, टर्बोशिवाय, २४० अश्वशक्ती. पण ती मिळते मिनिटाला ८३०० फेऱ्यांना, आणि तिथवर दुसऱ्याच गिअरमध्ये पोचलात तरी ती मर्यादा जवळजवळ गाठलेली असते. पुढचे चार गिअर मर्यादेत राहायला. जीटी-आरचे तर त्याहून कठीण : जिथे तिला मजा यायला लागते तिथे चालवणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो, आणि रस्त्यावरच्या इतरांचा जीव. एमएक्स-५ मध्ये ताशी चाळीस मैलांना वळण घेताना टायरची पकड संपत आल्याचे तळहाताला कळते, इंजिन पूर्ण ताणून वापरता येते, गिअर बदलायला सतत निमित्त मिळते. सगळी गाडी वापरली जाते. निव्वळ वेगच हवा असेल तर जुन्या जपानी गाडीच्या वाटेला जाण्याचे कारणच उरत नाही. आजच्या कितीतरी घरगुती विजेच्या गाड्या सिग्नलवरून सुटताना आर-३२ ला मागे टाकतात.

दुसरा प्रश्न : मोडली तर दुरुस्त कोण करील? पस्तीस वर्षांची गाडी मोडणारच. आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. त्यांच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की इंजिन पूर्ण उघडावे लागते, आणि ते काम जाणणारा कारागीर गावोगावी नसतो. आर-३२ च्या टर्बोतली मूळची सिरॅमिकची चाके अधिक दाबाखाली फुटतात. सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल पंपाची जोडणी कच्ची होती. एमएक्स-५ दहा लाखांहून अधिक बनल्या आहेत. सुटे भाग मुबलक, रचना उघडी, आणि शनिवारी दुपारी स्वतः हात काळे करून बरेचसे काम करता येते. मझदाने तर जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांचे पुनरुज्जीवन २०१८ पासून स्वतःच हाती घेतले आणि जुने भाग पुन्हा बनवायला घेतले. गाडी खोलून पुन्हा जोडणे हा या खेळाचा निम्मा भाग आहे. तो दुसऱ्याला पैसे देऊन करून घ्यायचा असेल तर निम्मा खेळ आधीच विकला.

तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आणि सर्वांत कठोर : ओरखडा पडला तर झोप लागेल का?

या तीन प्रश्नांना जी गाडी उत्तीर्ण होईल ती घ्यावी. ती एमएक्स-५ च असली पाहिजे असा माझा हट्ट नाही. २०१२ पासून आलेली टोयोटा ८६ चालेल; हुद्दा न मिरवणारी एखादी जुनी सिव्हिकही चालेल. मात्र पहिल्या पिढीची एमएक्स-५ पाहायला गेलात तर रंगाच्या चकाकीवर जाऊ नका. मागच्या चाकांच्या पुढे, दाराखालच्या पट्टीला बोटाने दाबून पाहा. कापडी छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पट्टी आतून गंजते, बाहेरून कळत नाही. १९९१ च्या मध्यापूर्वीचे इंजिन असेल तर क्रँकच्या पुढच्या टोकाचे काम झाले आहे का, हे विचारा. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला त्याची पावती मागा. जपानमधून आलेली गाडी असेल तर लिलावाचा तक्ता मागा. त्यावर तपासनिसाने दिलेली श्रेणी असते, आणि अपघातानंतर सांगाडा दुरुस्त झालेल्या गाडीपुढे 'आर' असे लिहिलेले असते. आणि फार 'सुधारलेली' गाडी टाळा. आधीच्या मालकाची सारी स्वप्ने आणि अर्धवट जोडलेल्या तारा तिच्यात राहिलेल्या असतात. हात न लागलेली, जपून वापरलेली, पण वापरलेली गाडी शोधा. पाठांतरदोष नसलेली संहिता शोधावी, तशी.

५

यावर आक्षेप येतात. त्यांपैकी तीन मला गंभीर वाटतात.

पहिला : गाडीचा आनंदही घ्यावा आणि तिची किंमतही वाढावी, यात वाईट काय? वाईट काही नाही. फक्त तसे घडत नाही. किंमत टिकायची तर मैल वाढता कामा नयेत, पाऊस लागता कामा नये, मूळचा भाग बदलता कामा नये. म्हणजे जी जी गोष्ट केल्याने आनंद मिळतो ती ती केल्याने किंमत घटते. वापर हाच जिथे तोटा ठरतो तिथे मालक हळूहळू रखवालदार होतो. माझ्या भावाने सव्वा वर्षात त्या गाडीतून तीनशे मैलांहून कमी प्रवास केला होता. हा आकडा त्याने मला अभिमानाने सांगितला.

दुसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही. तो हसण्यात असतो. एमएक्स-५ ही 'बायकी' गाडी. इंग्रजीभाषक देशांत तिला केशकर्तन करणाऱ्यांची गाडी म्हणण्याची जुनी खोड आहे, आणि आमचे लोक तिकडे गेल्यावर इतर गोष्टींबरोबर ही टिंगलही शिकले. माझ्या भावाचा संकोच तिथला होता. या आक्षेपाला तर्काने उत्तर देण्यासारखे त्यात काही नाही. एवढेच सांगतो की चारशे अश्वशक्तीवर पाय ठेवायला धैर्य लागत नाही; ते यंत्र देते. सव्वाशे अश्वशक्तीत घाट नीट चढायचा तर वळणाआधीचा वेग राखावा लागतो, ब्रेक वेळेवर सोडावा लागतो, चूक झाली तर ती झाकायला ताकद नसते. वृत्तात लिहिणाऱ्याला हे सांगावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे. हवा बिघडत असताना, रस्त्यांवर माणसे मरत असताना, केवळ मौजेसाठी पेट्रोल जाळणारी गाडी घ्यावी का? याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्षाला दोन-तीन हजार मैल चालणारी हलकी गाडी फार जाळत नाही हे खरे, पण शून्यही जाळत नाही. रस्त्याच्या बाबतीत मात्र माझी बाजू पक्की आहे. सिनेमाने आणि संगणकाच्या खेळांनी या गाड्यांबरोबर सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतींचे आकर्षणही दिले, आणि ते घातक आहे. ज्याला चाळीस मैलांत मजा येते त्याला शंभर मैलांची गरज उरत नाही. मौज सोडता येत नसेल तर ती लहान करावी, एवढाच माझा दावा.

६

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांहून जुनी गाडी आयात करता येत नाही. जीटी-आर काय आणि एमएक्स-५ काय, दोन्ही आपल्यापुरत्या पडद्यावरच्याच. आमच्या वाट्याला जे आले ते येथे बनलेले : २००३ पर्यंत विकली गेलेली पहिल्या पिढीची होंडा सिटी, तिच्यातली दीड लिटरची व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. पुढे त्याच नावाची नवी गाडी आली तेव्हा ताकद ७७ वर आली होती. कंपनीला दोष देऊ नये. शोरूममध्ये आपण एकच प्रश्न विचारत होतो : 'किती देते?' त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती गाडी आली.

माझ्याकडची सिटी २००२ सालची आहे. पंधरा वर्षे उलटल्यावर पुन्हा नोंदणी केली, पर्यावरण कर भरला. एका गॅरेजवाल्याने दुसऱ्याच गाडीचा भाग तिच्यात बसवून दिला होता, तो काढून टाकायला दोन दिवाळ्या गेल्या. दारावर रिक्षाचा ओरखडा आहे. रविवारी पहाटे साडेपाचला मी तिला आंबा घाटात नेतो आणि नऊच्या आत परत येतो. सहकाऱ्यांना हे ठाऊक झाले तेव्हा प्रत्येकाने एकच विचारले, 'मग तिकडे काम असतं का?' घाटात जाणे हेच काम, हे उत्तर आजवर कोणाला पटलेले नाही.

'किती देते?', 'किंमत वाढेल का?', 'तिकडे काम असतं का?' हे तिन्ही एकच प्रश्न आहेत, आणि आमच्या मध्यमवर्गाला दुसरा प्रश्न विचारायचे कोणी शिकवलेच नाही. माझ्या भावावर मी रागावलो आहे असे वाटत असेल तर ते पुरते खरे नाही. त्याच्या, म्हणजे माझ्या मावशीच्या घरी, काचेच्या शोकेसमध्ये एक चावीची पत्र्याची जपानी मोटार होती. लाल रंगाची. कोणीतरी परदेशातून आणलेली. पाहुणे आले की ती बाहेर निघे, एकदा चावी दिली जाई, जमिनीवर एक फेरी होई आणि पुन्हा आत. तो हात पुढे करी आणि मावशी म्हणे, "लांबून बघायचं हं, बाळा." ती मोटार अजूनही कोरी आहे. न्यू जर्सीतल्या गॅरेजात मी ते आच्छादन पाहिले तेव्हा मला ती शोकेस आठवली. त्याला हवे होते ते मिळाले, पण मिळाल्यावर काय करायचे ते त्याला जे शिकवले गेले होते तेच त्याने केले.

आणि आपण, मराठीचे अध्यापक, त्याला हसण्याच्या स्थितीत आहोत का? कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आलेला मुलगा विचारतो, 'सर, मराठी घेऊन उपयोग काय?' त्यावर आपण काय सांगतो? स्पर्धा परीक्षांना गुण मिळतात, भाषांतराची कामे मिळतात, संवादकौशल्य वाढते. विभागाचा कार्यभार टिकावा म्हणून आपण हे सांगतो, माझ्यासकट सगळे, आणि ते खोटेही नाही. पण त्या मुलाच्या हातात मातीची गाडी होती आणि तिच्यात आपणच दागिने भरले. पुढे तो कविता वाचताना गुणांचा हिशेब करतो याचे आपल्याला नवल वाटू नये. त्याला कविता चालवून पाहायला आपण दिलीच नाही. ती किती देते तेवढे सांगितले.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला होता. आर-३२ चा भाव आणखी चढला म्हणाला. मी विचारले, "चालवलीस का रे एवढ्यात?" म्हणाला, "दादा, इकडे पाऊस आहे." शेजारच्या म्हाताऱ्यांची लाल गाडी विकायला आहे, हेही त्यानेच सांगितले, त्यांना आता चढता-उतरता येत नाही. पट्टी गंजली आहे, छताची मागची प्लॅस्टिकची खिडकी फाटली आहे, किंमत फारशी नाही. मी म्हटले, "जाऊन ये, एकदा चालवून बघ." बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण दादा, तिची किंमत काही वाढायची नाही."

मी म्हटले, "म्हणूनच सांगतोय."